मैत्री क्लिनिकचा बाक नेमका कुठे ठेवायचा?

खोली_नंबर_सात

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे, कंत्राटी, म्हणजे दरवर्षी ऑर्डर निघेपर्यंत जीव टांगणीला. तालुका सांगत नाही. माझी खोली म्हणजे मैत्री क्लिनिक, १० ते १९ वयाच्या पोरापोरींसाठी. २०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला त्यात ही क्लिनिकं येतात. पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणं, रक्त कमी, मुलांच्या शंका, मनातलं काही, व्यसन, सगळं या एका खोलीत बोलायचं असं कागदावर आहे.

आता अडचण सांगते. खोली कॉरिडॉरच्या शेवटाला, शेजारी एचआयव्ही तपासणीची खोली, आणि दोघांना मिळून एकच बाक. त्या बाकावर पोरगी बसली की येणाराजाणारा बघतो. वर बोर्ड केवढा मोठा, "लैंगिक व प्रजनन आरोग्य समुपदेशन" असं लाल अक्षरात. कोण बसेल हो तिथे? गावातली निम्मी माणसं त्याच कॉरिडॉरमधून कुत्र्याच्या इंजेक्शनला जातात.

त्याच्याही आधी केसपेपरची खिडकी. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरला पैसे लागत नाहीत ते बरं झालं, पण खिडकी आहेच. काचेला भोक एवढंसं, आतला माणूस ओरडून विचारतो "काय होतंय?" आणि मागे पंधरा जण रांगेत. पोरगी म्हणते डोकं दुखतंय. मग तिला ओपीडीत पाठवतात, तिथे पॅरासिटामॉल मिळते, ती घेऊन घरी जाते. आमच्या तालुक्यात पोरींना जेवढी डोकेदुखी आहे तेवढी जगात कुठे नसेल.

मागच्या महिन्यात एक नववीतली आली, आईबरोबर. आईच बोलत होती, दहा मिनिटं. पोरगी माझ्या टेबलावरच्या रजिस्टरकडे बघत होती. मला वाटलं लाजतेय. जाताना दारात मागे वळून म्हणाली, "मॅडम यात माझ्या वर्गातल्या तिचं नाव आहे, तिला काय झालं होतं?" माझ्या पोटात गोळाच आला. नाव, गाव, वय, कारण, सगळं उघडं, माझ्याच अक्षरात, मी रोज पान उघडून समोर ठेवतेय आणि तोंडाने सांगतेय की इथलं बोलणं बाहेर जात नाही बरं का बाळा.

तर मला तुमच्याकडून ऐकायचंय. पोस्टर, रॅली, निबंध स्पर्धा हे सगळं होतं आमच्याकडे, ते नको. तुम्ही पंधरा वर्षांचे असताना कुठल्या खोलीत गेला असतात, कशामुळे गेला असतात, कशामुळे गेला नसतात, ते सांगा.

चहाटळ

पहिला नंबर माझा. वाचतोय. धागा चांगला आहे, कृपया भलत्या वादात नेऊन याचं काश्मीर करू नका रे.

कोथरूडकरीण

ताई खरंच छान लिहिलंय. आमच्याकडे शहरात वेगळंच. मुलगी तेरा वर्षांची, पाळी सुरू होऊन वर्ष झालं, कधी दीड महिन्याने येते कधी तीन आठवड्यांनी. एका ठिकाणी नेलं तर लगेच सोनोग्राफी, लगेच पीसीओडी, लगेच गोळ्या आणि वर "वजन कमी कर, नाहीतर पुढे मूल होणार नाही" असं तेरा वर्षांच्या मुलीला तोंडावर. ती रात्री मला विचारते, आई मला बाळ नाही होणार का. तिने अजून सायकलचा गिअर नीट टाकायला शिकला नाहीये हो. समुपदेशन गावात नाही म्हणता, शहरात पैसे देऊन हे मिळतं.

टाकेवाली

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, नाशिककडे प्रॅक्टिस. @कोथरूडकरीण, आधी मुलीला सांगा की तिला काहीही झालेलं नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनतीन वर्षं मेंदू आणि बीजकोश यांचं तंत्र बसत असतं, बऱ्याच महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही, म्हणून तारखा पुढेमागे. पहिलं वर्ष सोडून द्या, त्यानंतरच्या दोन वर्षांतही २१ ते ४५ दिवसांत येत असेल तर ते चालतं. आणि पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत पीसीओएस (बीजकोशाचा विकार, तुम्हाला पीसीओडी सांगितलं तोच) ठरवायला सोनोग्राफी करू नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, २०१८ मध्ये होतं, २०२३ मध्येही आहे, कारण या वयात बीजकोशात बारीक पुटकुळ्या दिसणं नॉर्मलच. सोनोग्राफी केली की दिसणार, दिसलं की शिक्का बसणार.

काळजी कधी करायची तर पंधरा पूर्ण झाली तरी पाळीच आली नाही, किंवा तीन महिने उलटून गेले, किंवा सात दिवसांच्या वर जातंय, तासाला पॅड बदलावं लागतंय, मोठ्या गाठी पडतायत. पहिल्या पाळीपासूनच धो धो जात असेल तर रक्त गोठण्याचा आजार असू शकतो, तो तपासायचा. "आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं" हे आया अभिमानाने सांगतात, तेव्हा माझे कान टवकारतात.

धागाकर्तीच्या प्रश्नावर: मी एकच करते. आई आणि मुलगी आल्या की आधी दोघींशी बोलते, मग म्हणते "आई, तुम्ही जरा बाहेर सिस्टरकडे वजन आणि बीपी करून घ्या, तुमचंही बघायला हवं." आई खूश, तिचं कोणी बघत नाही एरवी. ती पाच मिनिटं मुलगी माझी. खरी तक्रार त्या पाच मिनिटांत येते, आधीच्या पंधरात नाही.

खोली_नंबर_सात

डॉक्टर, आईला वजनाला पाठवायचं हे उद्यापासूनच. वजनकाटा माझ्या खोलीत आहे, तो आधी बाहेर काढते 😄

स्पष्टवक्ता५६

कुणाला राग येईल पण बोलतो. आमच्या वेळी असलं काही नव्हतं तरी आमची लग्नं झाली, पोरंबाळं झाली. या वयात मुलांच्या डोक्यात हे विषय घालायचे कशाला? २००७ साली महाराष्ट्रात शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद पाडलं ते उगाच नाही. घरात संस्कार असले की खोली नंबर सात लागत नाही.

बार्शीलाइट

काका, तुमच्या वेळचं तुम्ही सांगितलंत, आता माझ्या वेळचं सांगतो, मोबाईलवरून टाइपतोय शुद्धलेखन बघू नका.

माझा मामेभाऊ. पंधरा वर्षांचा, दहावीत. रात्री अकराच्या सुमाराला एका बाजूची गोटी दुखायला लागली, एकदम, मळमळ, उलटी. घरात मामा मामी आजी आणि पाहुणे, सगळ्यांदेखत सांगणार कसं की कुठे दुखतंय. पोट दुखतंय म्हणाला. मामीने ओवा दिला. रात्रभर पाय पोटाशी घेऊन पडून राहिला, सकाळी चालताच येईना तेव्हा मामाला बाथरूमपाशी सांगितलं, मामा म्हणाला क्रिकेटचा बॉल लागला असेल, संध्याकाळी बघू. संध्याकाळी सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं अंडकोषाला पीळ बसलाय, रक्तपुरवठा बंद, साधारण सहा तासांच्या आत आला असता तर वाचवता आला असता. काढावा लागला. आज त्याला दोन मुलं आहेत, एकावर सगळं व्यवस्थित चालतं, तसं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. पण त्याला एक शब्द माहीत नव्हता आणि एक माणूस माहीत नव्हता ज्याला रात्री अकराला तो शब्द सांगता येईल. माझ्या मामाचं घर अत्यंत संस्कारी आहे बरं का, रोज रामरक्षा.

टाकेवाली

@बार्शीलाइट, हे प्रत्येक मुलाच्या बापाने वाचावं. अचानक, एका बाजूला, जोरात दुखणं आणि उलटी, की तडक दवाखाना. मध्यरात्र असली तरी.

चहाटळ

मुलांचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. लोकलमधून दिसणाऱ्या भिंतींवर "निराश होऊ नका, गुप्तरोग, स्वप्नदोष, धातू जाणे" हे आमचं अख्ख्या पिढीचं लैंगिक शिक्षण. तेरा चौदाव्या वर्षी रात्री झोपेत वीर्य जातं ही रोजची गोष्ट, मुलींना पाळी येते तितकी साधी, पण नावातच दोष घालून ठेवलाय ना. मी सहा महिने रोज बदाम खाल्ले, कुणीतरी सांगितलं होतं एक थेंब म्हणजे रक्ताचे इतके थेंब. आईला वाटलं पोरगा अभ्यासासाठी बदाम खातोय. अवांतर: मार्क वाढले नाहीत.

खडूफळा

मी बीड जिल्ह्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते. @स्पष्टवक्ता५६, काका, एक गोष्ट तुमची खरी, की शिक्षकांची तयारी नसते. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला तिसरा धडा प्रजननाचा. त्यात पाळीचं चक्र आहे, संततिनियमन आहे, टेस्ट ट्यूब बेबी आहे. किती शाळांत तो वर्गात शिकवला जातो? "हा घरी वाचून या, आकृती एक मार्काला येते." माझे सर पण तसंच म्हणाले होते आणि पहिल्या वर्षी मी पण तसंच केलं, खोटं कशाला बोलू.

आता मी प्रश्नपेटी ठेवते, बुटाच्या खोक्याची. नाव लिहायचं नाही. सुट्टीत घरी वाचते, दुसऱ्या दिवशी उत्तरं. काही चिठ्ठ्या जशाच्या तशा देते:

"मुलीच्या बाकावर बसलं तर ती प्रेग्नंट होते का"

"बाई पाळीत लोणच्याला हात लावला तर नासतं म्हणतात, मी मुद्दाम लावला, नासलं नाही, आता आईला सांगू का"

"निळी गोळी खाल्ली की मूल होत नाही म्हणून आजी थुंकायला सांगते"

ही शेवटची चिठ्ठी वाचून मला कळलं की आठवड्याच्या लोहाच्या गोळ्या वर्गामागच्या गटारात का सापडतात. तीन वर्षं मी उभी राहून गोळ्या गिळायला लावत होते आणि कारण एका चिठ्ठीत होतं. मग सांगितलं, यात लोह आणि फॉलिक ॲसिड आहे, रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून खिचडीनंतर घ्या, वरून चहा पिऊ नका, संडास काळी झाली तर घाबरू नका. देशात १५ ते १९ च्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९ ते २१ चा आकडा. ग्राऊंडवर प्रार्थनेला चक्कर येऊन पडणारी ती हीच.

कोथरूडकरीण

लोणचं चिठ्ठी 😂 सांग म्हणावं आईला, बिनधास्त.

आशापुत्र

माझी आई आशा आहे, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, सोळा वर्षं. एक गोष्ट कुणी बोलत नाही ती बोलतो. सगळं आशाताईंवर टाकतात, पॅड आशाने द्यायचे, प्रेग्नन्सीची किट आशाकडे, गोळ्या निरोध आशाकडे, किशोरींची मीटिंग आशाने घ्यायची. पण आशा त्याच गावची सून असते ना. माझ्या आईला गावातल्या निम्म्या पोरी काकू म्हणतात आणि उरलेल्या आत्या. कुठली पोरगी काकूकडे येऊन किट मागेल? आई स्वतः म्हणते, मला सांगू नये हेच बरोबर आहे, कारण मी जाऊबाईच्या चेहऱ्याकडे बघून ओळख देईन. आई तोंडाची पक्की आहे तरी असं म्हणते.

म्हणून पोरी तालुक्याला मेडिकलवर जातात, तोंडाला स्कार्फ बांधून. आणि मेडिकलवाला जे देईल ते घेतात.

टाकेवाली

मेडिकलवाल्यावरून. इमर्जन्सी गोळी, संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, ती चिठ्ठीशिवाय मिळते आणि वेळेवर घेतली तर उपयोगी आहे, तिने गर्भपात होत नाही. पण महिन्यात चारदा घेऊन पाळीचा पत्ता नाही म्हणून येणाऱ्या मुली मी बघते, ती नेहमीची पद्धत म्हणून बनवलेलीच नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट, गर्भपाताच्या गोळ्या काउंटरवरून, किती आठवडे झालेत न बघता. अर्धवट राहतं, पंधरा दिवस रक्त जात राहतं, आणि मुलगी येते तेव्हा हिमोग्लोबिन पाच. "आधी का नाही आलीस" विचारलं तर म्हणते पोलीस येतील.

आणि तिचं तसं चूक नाही हो. इथे कुणी वकील आहे का, नीट सांगेल असा?

काळाकोट

आलो. थोडक्यात सांगतो, कुणाच्या केसवर सल्ला नाही हा.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा. १८ च्या खाली संमती हा प्रकारच नाही, दोघं राजीखुशीने असले तरी. कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने कळवायचं, डॉक्टर, समुपदेशक, शिक्षक सगळे. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बायको १८ च्या खाली असेल तर लग्नाची सबब चालणार नाही असंही सांगितलं. त्यामुळे सतराव्या वर्षी लग्न झालेली गरोदर मुलगी दवाखान्यात आली की नवरा आरोपी.

पण २९ सप्टेंबर २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बऱ्याच दवाखान्यांत कुणी वाचलेलाच नसतो. अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना मुलीचं नाव, ओळख द्यायची गरज नाही. कळवणं सुटत नाही, ओळख सुटते. आणि "आधी एफआयआर घेऊन या, मग बघू" ही अट गर्भपाताच्या कायद्यात नाही. १८ च्या खाली पालकाची लेखी संमती लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीसाठी २४ आठवड्यांपर्यंत, पण दोन डॉक्टरांचं. एफआयआरच्या मागे पळण्यात जे चार आठवडे जातात ते हेच असतात.

खोली_नंबर_सात

वकीलसाहेब, तुमचा हा प्रतिसाद प्रिंट काढून मेडिकल ऑफिसरच्या टेबलावर ठेवतेय, नाव न लिहिता. मला स्वतःला हे सगळ्यात जड जातं. पोरीला मी काय सांगू, "तू मला काहीही सांग, मी कुणाला सांगणार नाही"? ते खोटं होईल. म्हणून आता मी आधीच सांगते, की बाळा तू जे बोलशील ते माझ्याजवळ राहील, फक्त दोन गोष्टी मला वर सांगाव्या लागतात, कुणी तुझ्या अंगाला हात लावला असेल किंवा संबंध आले असतील तर, आणि तुला जीव द्यावासा वाटत असेल तर. त्याबद्दल बोलायच्या आधी मला थांबव, मी पुढे काय होतं ते समजावून सांगेन, मग ठरव. एकदा एकजण हे ऐकून उठून गेली. तिला थांबवलं नाही. तीन आठवड्यांनी आत्याला घेऊन परत आली. मला आजही माहीत नाही की मी बरोबर केलं की चूक, त्या तीन आठवड्यांत काहीही झालं असतं. भिंतीवर १०९८ आणि १४४१६ मोठ्या अक्षरात लावलेत, लहान मुलांची हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्याची. ती आली त्याआधी ते दाराच्या मागे लावलेले होते.

खडूफळा

सतराव्या वर्षीच्या लग्नावरून. आमच्याकडे दिवाळी झाली की वर्ग रिकामा. ऊसतोडीला जोडी लागते, नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. पोरगी वयात आली, आईबाप सहा महिने कारखान्याच्या पालावर, घरी म्हातारी आजी, पोरीला एकटी ठेवायची कुठे? म्हणून लग्न. आईबापांना पोर जड झालेली नसते, भीती असते. मग ती सोळा वर्षांची स्वतःच कोयता होते, पाळीत फडात बाथरूम नाही, पाणी नाही, कपडा वाळवायला जागा नाही. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं, हा आकडा पण त्याच सर्वेक्षणातला. ती गरोदर राहिली की आधारकार्डावर वय काय आहे ते बघून दवाखाना ठरतो. तिथं तिला "वय किती" विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं, एकोणीस.

पाचोडला, आपल्या औरंगाबाद जिल्ह्यात (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं), एका संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला, शाळा सुटलेल्या मुलींवर भर देऊन. आरोग्य, पाळी, हिशोब, बँकेत कसं जायचं, असं. त्या भागात मुलींच्या लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष म्हणजे फार नाही वाटत ना? माझ्या वर्गात एक वर्ष म्हणजे दहावीची परीक्षा.

स्पष्टवक्ता५६

ऊसतोडीचं मला माहीत नव्हतं असं नाही, पण असा विचार केला नव्हता. तरी शाळेत सगळ्यांसमोर हे नको, या मतावर मी ठाम आहे. खोलीत, एकट्याला, हे एक वेळ चालेल.

चहाटळ

काका, धाग्याचा विषयच खोलीत एकट्याला हा आहे की. म्हणजे तुम्ही आमच्याच बाजूचे निघालात.

बार्शीलाइट

जाता जाता, र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, १९२७ पासून मरेपर्यंत मासिक चालवलं. शंभर वर्षं झाली आणि आपण बाकाची जागा ठरवतोय.

चहाटळ

आले र.धों.! मी वाटच बघत होतो, एवढा वेळ कसे आले नाहीत.

टाकेवाली

र.धों. असोतच, पण जवळचं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये ते छापून आलं, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आम्ही शिकत होतो तेव्हा "गावाकडच्या बायकांना काही होत नाही, त्या काटक असतात" असं वॉर्डात सर्रास बोललं जायचं. त्या काटक नव्हत्या, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तारुण्यभान नावाने डॉ. बंग पोरापोरींची शिबिरंही घेत आल्यात. माझ्या ओळखीची एक नर्स तिथे जाऊन आली, म्हणाली शिबिरात पोरं पहिला तास जमिनीकडे बघतात आणि शेवटी प्रश्न आवरत नाहीत.

कोथरूडकरीण

एक प्रश्न विचारून घेते, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस. मुलीला द्यायची आहे, पुण्याचीच सीरमची आली २०२३ मध्ये. घरात सासूबाई म्हणतात लहान मुलीला असली लस कशाला, तिचं लग्न तरी ठरू दे.

टाकेवाली

उलट लग्नाच्या, म्हणजे संबंधांच्या, खूप आधी दिली तर उपयोग. ९ ते १४ मध्ये दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने, १५ झाल्यावर तीन लागतात. सासूबाईंना सांगा की गोवराची लस गोवर झाल्यावर देत नाहीत. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चालू ठेवायची.

कोथरूडकरीण

गोवरचं बरोब्बर लागू पडेल. सोनोग्राफीवालीला सोडून तुमच्याकडे नाशिकला यावं म्हणते.

आशापुत्र

खोली नंबर सात ताई, बाकाचं काय झालं शेवटी? बरेच दिवस झाले.

खोली_नंबर_सात

सांगते, लिहायचंच होतं.

बोर्ड उतरवता येत नाही, शासनाचा आहे, तो काढला तर व्हिजिटला मेमो. म्हणून बोर्ड तिथेच ठेवला आणि मी हलले. दातांच्या डॉक्टरांची खोली पुढच्या बाजूला आहे, ते आठवड्यातून तीनच दिवस असतात. त्यांना विचारलं, बुधवारी दुपारी तुमची खोली द्याल का. म्हणाले घ्या, खुर्चीवर चढून खेळू नका म्हणजे झालं. आता बुधवारी ४ ते ५ मी दातांच्या बाकावर. दात दाखवायला कुणीही बसू शकतं ना!

वेळ ४ ची का, तर पोरींचा एसटीचा मोफत पास गाव ते शाळा, शाळा इथेच तालुक्याला, ती सुटते पावणेचारला आणि आमच्या बाजूची गाडी सव्वापाचला. हा दीड तास त्या स्टँडवर भेळ खात काढतात. माझी ओपीडी सकाळची, तेव्हा त्या वर्गात. एवढी वर्षं मी अशा वेळेला दार उघडं ठेवून बसले होते जेव्हा कुणालाच येता येत नाही, आणि महिन्याच्या रिपोर्टला लिहीत होते "प्रतिसाद अल्प". बुधवारच्या मुलींना आधी माझ्याकडे यायचं, केसपेपर मी नंतर स्वतः जाऊन काढते. खिडकीतल्या दादांना सांगितलं, ते म्हणाले मॅडम मला तरी कुठे हौस आहे ओरडायची, भोक मोठं करून द्या.

पहिल्या बुधवारी कोणी नाही. दुसऱ्या बुधवारी तिघी, तिघी एकत्र, तिघींचं "हिचं दुखतंय आम्ही सोबत आलोय". एकेकीला आत घेतलं तर दुखत तिघींचंही होतं. एकीचं हिमोग्लोबिन सात. एकीला गेल्या वर्षी शहाणी झाली तेव्हापासून वाटत होतं की तिला कॅन्सर आहे, पांढरं जातं म्हणून. दोन पाळ्यांच्या मध्यावर तसं जाणं नॉर्मल आहे, वास, खाज, दह्यासारखं असेल तर औषध आहे, एवढं सांगायला मला चार मिनिटं लागली आणि तिला यायला एक वर्ष.

आणि काल संध्याकाळी आवरत होते तर दारात एक मुलगा, अकरावीचा असेल, बॅग पोटाशी धरून. "मॅडम, मुलांसाठी कोणता वार आहे?" मी म्हटलं हाच, ये. म्हणाला आज नको, बाहेर मित्र आहे, पुढच्या बुधवारी. बघू.

बार्शीलाइट

त्याला यायला सांगा हो. आला की इथे लिहा.

खडूफळा

ताई, रजिस्टरचं काय केलंत? माझ्याकडे पण चिठ्ठ्यांची वही उघडी पडलेली असते, तुमचं वाचून दचकले.

खोली_नंबर_सात

ते सगळ्यात सोपं निघालं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, रजिस्टरच्या पानाएवढा कापला, मधोमध एका ओळीपुरती खिडकी पाडली. पान उघडलं की पुठ्ठा वर, समोरच्याला फक्त स्वतःची ओळ दिसते. ओळ संपली की पुठ्ठा खाली सरकवायचा. खिडकी मात्र पट्टीने मोजून पाडा, माझी पहिली वाकडी झाली आणि वरच्या ओळीतलं गाव दिसत होतं, ती फेकून दुसरी केली. दोन्ही बाजूंना रबरबँड लावा म्हणजे पंख्याने उडत नाही.